रिपोर्ट कुणाच्या नावाचा?

संशयी : जनुकीय तपासणीचा एवढा कैवार घेता, तर आधी एक सांगा. चाकणला फाउंड्रीत भट्टीसमोर नाहीतर पेंट शॉपमध्ये उभा राहणारा, तीन पाळ्यांत फिरणारा, त्यातही कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, म्हणून तो डॉक्टरकडे जातो. तुम्ही त्याच्या हातात काय देणार? गुणसूत्रांचा फोटो. त्यात दोष निघाला तर दुरुस्त होत नाही आणि नाही निघाला तर कारण होतं तिथंच अंधारात. ज्याला औषध नाही त्याचं नाव कळून करायचं काय? गावाकडं नावं ठेवायला माणसं कमी आहेत का, की त्यात आता प्रयोगशाळेची भर घालायची?

कैवारी : नावं ठेवण्याचं तुम्हीच काढलंत, तर तिथूनच सुरू करू. मूल नसलेल्या बाईला आपण वांझ म्हणतो, वांझोटी म्हणतो, ओटी भरायच्या वेळी तिला टाळतो. पुरुषाला काय म्हणतो? नामर्द, षंढ, नपुंसक. पण हे सगळे शब्द शरीरसंबंधात कमी पडणाऱ्यासाठी आहेत. ज्याचा संसार सुरळीत चाललाय, अंगात जोर आहे, दाढीमिशा आहेत, फक्त वीर्यात शुक्राणू नाहीत, त्याच्यासाठी आपल्या बोलण्यात शब्दच नाही. कायद्याला हा फरक कळतो. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकत्वामुळं शरीरसंबंधच झाला नसेल, तर लग्न रद्द करून मागता येतं. नुसतं मूल होत नाही एवढ्यावरून मागता येत नाही. आपल्या ओट्यावरच्या गप्पांना मात्र तो फरक अजून कळलेला नाही. मग होतं काय? शुक्राणू नसलेल्या पुरुषाला वाटतं, तपासणी म्हणजे आपल्या मर्दानगीची परीक्षा. तो जातच नाही आणि बायकोच्या चकरा सुरू होतात. रक्त, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, दुर्बीण, सहा महिने गोळ्या. शेवटी नवससुद्धा तीच बोलते. चिंचवडला पवनेकाठी ज्यांची समाधी आहे त्या मोरया गोसावींचा जन्मही आईवडिलांच्या मोरगावच्या उपासनेनंतर झाला, अशी आख्यायिका आहे. त्या उपासनेत निदान दोघं होते. आजच्या उपचारांत बहुतेकदा ती एकटी असते. खरं तर मूल न होण्याच्या साधारण निम्म्या प्रकरणांत कारण पुरुषाकडं असतं, एकटं किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीनं.

संशयी : हे सगळं मान्य. पण हे तुम्ही वीर्यतपासणीचं समर्थन केलंत, जनुकीय तपासणीचं नव्हे. वीर्यतपासणी स्वस्त आहे, सुई टोचत नाही, ती बायकोच्या सगळ्या तपासण्यांच्या आधी व्हावी, एकदा वाईट आली तर पुन्हा करावी. माझं काहीच म्हणणं नाही. तिचाही बाऊ करू नये एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत मिलिलिटरमागं १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा दिली आहे. लोक तिला पास-नापासची रेषा समजतात. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांतल्या सगळ्यात तळच्या पाच टक्क्यांवर ओढलेली ती रेषा आहे. तिच्या खाली असूनही बाप झालेले आहेतच. पण तुम्ही तिथं थांबत नाही. थेट जनुकात शिरता, आणि मला तिथं राजकारण दिसतं. वृषणं शरीराबाहेर असतात, कारण त्यांना शरीरापेक्षा दोन-चार अंश गारवा लागतो. मग भट्टीपुढं वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्याचं काय? शिसं, सॉल्व्हंट, रात्रपाळी, पाळीगणिक खाल्लेला गुटखा? १९७७ साली कॅलिफोर्नियात लॅथ्रॉपच्या कारखान्यात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक बनत होतं. आपल्यातल्या कुणालाच मूल होत नाही, हे कामगारांच्याच लक्षात आलं. तपासल्यावर कित्येकांचे शुक्राणू जवळजवळ संपलेले निघाले. त्या वेळी कुणी त्यांना गुणसूत्रांचा फोटो काढायला पाठवलं असतं तर ते रसायन अजून विकलं गेलं असतं.

कैवारी : लॅथ्रॉपचं उदाहरण माझ्याही बाजूनं बोलतं. तिथं दोष रसायनाचा आहे हे कळलं, कारण कुणीतरी मोजलं. मोजल्याशिवाय भट्टी आणि गुणसूत्र यांना वेगळं करणार कसं? उष्णतेनं, तापानं, सॉल्व्हंटनं शुक्राणू सहसा कमी होतात. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून कारण दूर केलं की काही महिन्यांनी आकडा वर येण्याची आशा असते. पण आकडा शून्यच असेल किंवा शून्याला टेकलेला असेल, तेव्हा आतून काही तुटलंय का हे पाहायला हवं. म्हणून सरसकट सगळ्यांची जनुकीय तपासणी करा असं कुणी शहाणा म्हणत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटना वाय गुणसूत्राची तपासणी मिलिलिटरमागं ५० लाखांपेक्षा कमी शुक्राणू असणाऱ्यांना सुचवत होत्या. २०२४ साली त्यांनी ती मर्यादा १० लाखांवर आणली, कारण त्याच्या वर फारसं काही सापडत नव्हतं. म्हणजे हे शास्त्र स्वतःची हाव आवरायलाही शिकतंय. कंपनीत आपण काय करतो? पार्ट रिजेक्ट झाला की भंगारात टाकण्याआधी फाइव्ह व्हाय करतो. पाच वेळा 'का' विचारल्याशिवाय मूळ कारण सापडत नाही. शरीराला तो 'का' विचारायचा नाही?

संशयी : फाइव्ह व्हायचे कागद मीही भरलेत, साहेब. चार 'का' मशिनवर फिरतात, फिक्स्चरवर फिरतात आणि पाचव्या 'का'ला हटकून ऑपरेटरचं नाव येतं. 'ट्रेनिंग दिलं', खाली सही, फाइल बंद. माझी भीती नेमकी तीच आहे. जनुकीय तपासणी म्हणजे शरीराचा पाचवा 'का'. तिथं पोचलं की शॉपफ्लोअरचा प्रश्न मिटतो. वाय गुणसूत्रात दोष आहे म्हटल्यावर भट्टीचं तापमान कोण मोजणार? आणि ज्याच्यात काहीच सापडत नाही त्याला 'नॉर्मल' असा शेरा मिळतो. तो बिचारा तो शेरा बायकोला दाखवतो, म्हणजे फेरी पुन्हा तिच्यावर. तुमचीच आकडेवारी सांगा, किती जणांना उत्तर मिळतं?

कैवारी : सांगतो, आणि फुगवून सांगत नाही. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी शुक्राणू अजिबात नसलेल्या ३४० भारतीय पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली. २९ जणांत तुकडा गळालेला सापडला. शेकडा साडेआठ. त्यात क्लाइनफेल्टरवाले मिळवा. हे पुरुष एक्स गुणसूत्र जास्त घेऊन जन्मतात, ४६ऐवजी ४७. साधारण पाच-सहाशे मुलग्यांमागं एक. १९४२ साली हॅरी क्लाइनफेल्टरनं या पुरुषांचं वर्णन केलं, जास्तीचं गुणसूत्र सापडायला १९५९ उजाडलं. यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. वीर्यवाहिनीच नसलेले आणखी काही. सगळे मिळून, शुक्राणू शून्य असलेल्या पाचातल्या एकाला ठोस उत्तर मिळतं असं धरा. चौघांना मिळत नाही. तुम्ही म्हणाल, एकासाठी एवढा खटाटोप? पण त्या एकाला काय मिळतं ते पाहा. वाय गुणसूत्रावर शुक्राणूंच्या कामाचे तीन पट्टे असतात, ए, बी आणि सी. त्यांचा पहिला सुगावा १९७६ साली दोन इटालियन संशोधकांनी दिला. सी पट्टा गळालेला असेल तर वृषणात कुठंतरी थोडे शुक्राणू दडलेले असण्याची निम्मी तरी आशा असते. ए किंवा बी पूर्ण गळालेला असेल तर आशा जवळजवळ नाहीच. आता वृषण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू शोधायची शस्त्रक्रिया विचारात घ्या. भूल, रजा, टाके आणि उसनवारीचे पैसे. ए पट्टा नाही हे रक्ताच्या एका नळीतून आधी कळलं तर ही शस्त्रक्रिया कुणी करू नये आणि कुणी विकूही नये. तुम्ही म्हणालात, दोष दुरुस्त होत नाही. बरोबर आहे. पण निरर्थक शस्त्रक्रिया टळते, हा फायदा औषधापेक्षा कमी आहे का?

संशयी : हा मुद्दा मला लागला. शस्त्रक्रियेच्या आधी तपासणी, एवढं मी लिहून देतो. बहुतेक मेडिक्लेम या उपचारांना हात लावत नाहीत. अशा ठिकाणी 'करू नका' सांगणारा कागद सगळ्यात स्वस्त पडतो. पण सगळेच रिपोर्ट असे स्वच्छ बोलतात का? वीर्यवाहिनी नसलेल्यांचं तुम्ही ओझरतं बोललात. तिथं सीएफटीआर नावाचं जनुक पाहतात. फुप्फुसांचा सिस्टिक फायब्रोसिस हा आजार ज्याच्यामुळं होतो तेच, १९८९ साली सापडलेलं. त्याची ठरावीक बदलांची यादी तपासतात आणि त्यातल्या कित्येक याद्या गोऱ्या लोकांत काय आढळतं यावरून बनल्या आहेत. तिकडं सगळ्यात जास्त दिसणारा बदल आपल्या रुग्णांत त्या मानानं कमी दिसतो. म्हणजे यादीत नाव नाही म्हणून दोष नाही, असा रिपोर्ट येणार. दुसऱ्याच्या मापानं शिवलेला सदरा आपल्या अंगाला बसला नाही, तर चूक अंगाची?

कैवारी : चूक सदऱ्याचीच, आणि म्हणून इथल्या माणसांवरची संशोधनं वाढायला हवीत. मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजननआरोग्याची संस्था आहे. १९८६ साली केईएम रुग्णालयाच्या जोडीनं हर्षा हिचा टेस्ट ट्यूबनं जन्म झाला, त्यात याच संस्थेचा हात होता. म्हणजे इथं करता येत नाही असं नाही. पण सीएफटीआरमध्ये सगळं यादीवर अवलंबून नसतं. वीर्यवाहिनी नाही हे अनुभवी डॉक्टरच्या बोटांनाच कळतं. वीर्य कमी, आम्लधर्मी, शुक्राणू शून्य आणि हाताला नळी लागत नाही. अशा पुरुषाच्या वृषणात शुक्राणू असतात, फक्त बाहेर यायला वाट नसते. सुईनं काढून बीजात टोचता येतात. धोका त्याच्यापुरता नसतोच. बायकोही त्याच जनुकाची वाहक निघाली तर मूल गंभीर आजार घेऊन येऊ शकतं. आणि आपल्याकडं मामाची मुलगी करतात. एकाच आजोबांचा दोष नवरा-बायको दोघांकडं उतरायची वाट आपणच मोकळी ठेवली आहे. तिथं तपासणी बायकोची हवी, नुसती नवऱ्याची नाही.

संशयी : मग इथं मला तुमच्या शास्त्राची सगळ्यात मोठी गंमत दिसते. वाय गुणसूत्र म्हणजे आपल्या लोकांच्या हिशेबी वंशाचा दिवा. बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला. सातबाऱ्यावरचं नाव आणि आडनाव ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं तेही जातं. सी पट्टा गळालेल्या पुरुषाला पूर्वी सहसा मूलच होत नसे. तुटका धागा तिथंच संपायचा. १९९२ साली ब्रसेल्समध्ये एकच शुक्राणू बीजात टोचून मूल होतं हे दाखवलं गेलं आणि तो धागा पुढं जायला लागला. आता त्या पुरुषाला मुलगा झाला तर त्यालाही तोच गळालेला पट्टा मिळणार. मुलगी झाली तर काहीच नाही. म्हणजे मुलग्यासाठी जो जीव टाकतोय त्याला शास्त्र सांगतंय, मुलगी झाली तरच तुझी अडचण इथं संपते. मग तो म्हणेल, मला मुलगीच द्या. देणार?

कैवारी : नाही देणार. आणि यात महाराष्ट्राला विशेष जपून चालावं लागतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली आपण केला, देशाचा कायदा १९९४मध्ये आला. लिंगाशी जोडलेल्या जनुकीय आजारासाठी गर्भाची तपासणी करायला त्या कायद्यात जागा आहे. पण मोठेपणी मूल होणार नाही, हा आजार मानून गर्भ निवडायचा? हा मुलगा निरोगी असेल. तीस वर्षांनी त्याला आपल्या बापासारखी मदत लागेल, इतकंच. मी स्वतः त्याला आजार म्हणणार नाही. तसं म्हटलं तर त्याच्या बापाचं आयुष्यही आजारात जमा होतं. पण बापाला हे आधी सांगणं मात्र चुकवता येणार नाही. सांगितल्यावर तो म्हणेल, चालेल. किंवा म्हणेल, दात्याचा शुक्राणू घेऊ. किंवा दत्तक घेऊ. पांडूला मूल होणं शक्य नव्हतं आणि त्याचे पाच मुलगे पांडव म्हणून ओळखले जातात. रक्त कुणाचं हे साऱ्यांना ठाऊक असताना नाव पांडूचंच राहिलं.

संशयी : पांडूचं उदाहरण सोपं आहे, कारण तो राजा होता. त्याला कॉलनीतल्या शेजाऱ्यांची भीती नव्हती. चाकणच्या कारखान्यांच्या भागात मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली माणसं दोन खोल्यांत राहतात. फोनवर रिपोर्टचा फोटो येतो तेव्हा शेजारी मेहुणा बसलेला असतो. क्लाइनफेल्टर म्हटलं की समजावून सांगणारा कुणी नसतो. एक्स जास्त आहे एवढं ऐकून तो घरी जातो आणि स्वतःला अर्धी बाई समजतो. तपासणीचा खर्च तुम्ही मोजला, या रात्रीचा खर्च मोजला का?

कैवारी : नाही मोजला, आणि माझ्या बाजूचं सगळ्यात लंगडं अंग तेच आहे. रक्त घेणाऱ्या प्रयोगशाळा वाढल्या, पण समुपदेशक त्या प्रमाणात वाढलेले नाहीत. वास्तविक क्लाइनफेल्टरवाल्याला त्या रात्री तीन गोष्टी कळायला हव्यात. तू पुरुष आहेस. टेस्टोस्टेरॉन कमी पडून पुढं हाडं ठिसूळ होऊ शकतात, मधुमेहाचा धोका असतो, म्हणून तपासत राहा. आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या शस्त्रक्रियेनं तुझ्यासारख्या दहातल्या चार-पाच जणांत शुक्राणू सापडतात. हा रिपोर्ट त्याच्या तब्येतीसाठीसुद्धा आहे. मूल नको म्हणाला तरी उपयोगी. कालमन सिंड्रोममध्ये तर मेंदूकडून वृषणाला हुकूमच जात नाही, हार्मोनची इंजेक्शनं घेऊन कित्येक जण बाप होतात. अशा ठिकाणी नाव कळणं म्हणजेच औषध कळणं. तरीही तुमचं म्हणणं राहतंच. सांगणारा माणूस नसेल तर रिपोर्ट देऊच नये, इथपर्यंत मी यायला तयार आहे. तुम्ही एक पाऊल याल का? कामाचा इतिहास, भट्टी, रसायनं, पाळ्या, तंबाखू हे सगळं त्याच फॉर्मवर लिहावं, म्हणजे पाचवा 'का' ऑपरेटरवर संपणार नाही.

संशयी : येतो. पण मग एक शेवटचं. रिपोर्ट त्याचा आहे, त्याच्या नावावर आहे. त्याच्या परवानगीशिवाय बायकोलाही सांगायचा नाही, असं मी आजवर म्हणत आलो.

कैवारी : बायकोच्या पोटावर दुर्बिणीचे वार होत असतील तर?

संशयी : तर सांगायला हवं. त्यालाच सांगायला लावायला हवं.

कैवारी : मग आणखी एक पायरी उतरा. काही जणांत कुठलं गुणसूत्र हरवलेलं नसतं, जास्तही नसतं. दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून बसलेली असतात. तेरा आणि चौदा ही जोडी सगळ्यात जास्त आढळते, साधारण हजारात एकाकडं. माणूस धडधाकट असतो. पुरुषाचे शुक्राणू कमी होऊ शकतात, बाईचा गर्भ पुन्हा पुन्हा पडू शकतो. हा जोड पुष्कळदा आईकडून किंवा बापाकडून आलेला असतो. समजा भोसरीतल्या एका वर्करला तो निघाला. त्याची बहीण बीडकडं दिली आहे. तीनदा पोट पडलंय तिचं. सासरचे म्हणतात, हिच्या पायगुणाचा दोष.

संशयी : मग तिलाही तोच जोड असू शकतो.

कैवारी : असू शकतो. नसूही शकतो. तपासलं तर कळेल, आणि कळलं तर पुढच्या वेळी गर्भ तपासता येईल, किंवा निदान तिला तरी कळेल की तिनं काही केलं नव्हतं. पण तिला सांगायचं म्हणजे भावाचा रिपोर्ट उघडायचा. आणि तिच्यात निघाला तर तिच्या सासरच्यांच्या हातात आता पायगुणाऐवजी प्रयोगशाळेचा कागद येणार. आजवर मी म्हणत होतो, कळणं चांगलंच. इथं माझी जीभ अडखळते.

संशयी : आणि मी म्हणत होतो, कळू नये. इथं माझीही अडखळते. ती तर अजून चौथ्यांदा प्रयत्न करत असेल.

कैवारी : करतच असेल. फोन कुणी करायचा?